कर्करोगाचं औषध मेंदूच्या आजारावर: चाचणीआधी द्यावं का?

कडूलिंब: माझं मत स्पष्ट आहे, देऊ नये. २०१५ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जटाऊन विद्यापीठातून बातमी आली की रक्ताच्या कर्करोगावरचं निलोटिनिब कमी मात्रेत दिल्यावर पार्किन्सनचे (कंपवाताचे) रुग्ण सुधारले. रुग्ण फक्त १२, आणि तुलनेसाठी नकली गोळी घेणारा गटच नाही. तरी केवढी आशा लागली लोकांना! पुढे ७६ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, तेव्हा फायदा दिसला नाही. रक्तातल्या औषधाचा अर्धा टक्काही मेंदूभोवतीच्या आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात उतरत नव्हता. वर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका आहेच.

रानवारा: एका औषधावरून सगळ्यांना झोडपू नका. रिटुक्सिमॅब हे औषध १९९७ पासून लिम्फोमावर, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर, वापरात आहे. ते बनवणाऱ्या कंपनीने मल्टिपल स्क्लेरोसिससाठी (यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते) परवानगी मागितलीच नाही, पण स्वीडनच्या डॉक्टरांनी ते दिलं आणि रुग्णांची नोंद ठेवली. २०२२ च्या तिथल्या चाचणीत दोन वर्षांत आजार पुन्हा उफाळला तो ३ टक्के रुग्णांत. दुसऱ्या औषधावर १६ टक्के. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिटुक्सिमॅब या आजारासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. हैदराबादला २००७ पासून त्याची स्वस्त आवृत्ती बनते. कंपनीची वाट बघत बसले असते, तर किती जण अंथरुणाला खिळले असते?

कडूलिंब: मान्य, पण रिटुक्सिमॅबला मेंदूत शिरावंच लागत नाही. ते रक्तातल्या बी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मारतं, आणि हल्ला तिथूनच होतो. पार्किन्सनमध्ये पेशी मेंदूच्या आत मरतात. तिथवर पोचणारं औषध आधी दाखवा.

तिन्हीसांज: माझ्या बाबांना पार्किन्सन आहे. शर्टाचं बटण लागत नाही, चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. 'थांबा' म्हणणं सोपं आहे हो. आमच्याकडे तेवढा वेळ नाही.

रानवारा: म्हणून तर म्हणतो, द्या, पण नोंद ठेवून द्या.

कडूलिंब: ताई, तुमची घालमेल कळते. पण २०२५ मध्ये लेट्रोझोल आणि इरिनोटेकन या कर्करोगावरच्या दोन औषधांच्या जोडीने अल्झायमरच्या उंदरांची स्मृती सुधारल्याचं छापून आलं. उंदरांची! इरिनोटेकनने जुलाब इतके होतात की धडधाकट माणूसही गळून जातो, पांढऱ्या पेशी घटतात. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला पोटात कळ येतेय हे सांगताही येणार नाही. नुसत्या नोंदवहीने तिचं काय भलं होणार?