०.३८ सेकंदांत थारोळं सापडत नाही

अर्धाकप

मंडळी, परवा बाबांशी बोलताना 'थारोळं' हा शब्द निघाला. मोटेच्या विहिरीवर मोट वर येऊन जिथे ओतते ते दगडी टाकं म्हणजे थारोळं. माझ्या पिढीला थारोळं एकच ठाऊक, रक्ताचं. म्हटलं चित्र तरी बघू. शोधयंत्रात 'थारोळे' टाकलं. ०.३८ सेकंदांत लाखभर निकाल हजर! आणि अख्खं पहिलं पान 'रक्ताच्या थारोळ्यात' अशा बातम्यांचं. दुसरंही तेच. तिसऱ्यावर कुठल्याशा मालिकेच्या भागाचा सारांश, त्यातही कुणीतरी थारोळ्यात पडलेलंच.

शेवटी बाबांच्या कपाटातला जाड शब्दकोश काढला. धूळ झटकण्यासकट चार मिनिटं लागली, पण विहीर मिळाली.

तर माझा प्रश्न असा, की ही घाई मागितली कोणी? निकालाच्या डोक्यावर ०.३८ हा आकडा असा मिरवतात, जणू शर्यत लागली आहे. मला पाच सेकंद थांबवा, दहा थांबवा, पण नीट शोधून द्या. टपरीवरच्या चहाला मी याहून जास्त थांबतो. वेग ही आपली गरज नसून आपल्याला लावलेली सवय आहे, असं माझं ठाम मत आहे. झोडा.

खडूफळा

असहमत. आणि कारण तांत्रिक आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ सहन करा. (सर्चच्या कामात दहा वर्षं काढली आहेत. मोठ्या कंपनीत नाही, दुकानांच्या साइटींसाठी.)

तुमची समजूत अशी दिसते, की ते ०.३८ सेकंद यंत्र जगभरची पानं चाळत होतं आणि घाईघाईत चाळल्यामुळे विहीर नजरेतून सुटली. तसं नसतं. पंगतीत वाढप्याला पानावर भात टाकायला किती वेळ लागतो? म्हणून भात तेवढ्यात शिजला असं कुणी म्हणत नाही. आचारी पहाटे चारला उठलेला असतो. इथेही पानं गोळा करणं, शब्द सुटे करणं, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची उलटी सूची बांधणं, कुठलं पान किती वजनाचं ते ठरवणं, हे बहुतेक सगळं तुम्ही प्रश्न विचारण्याआधीच झालेलं असतं. तुमच्या ०.३८ मध्ये फक्त वाढप होते.

वाढपही सोपी नव्हे म्हणा. गूगलच्याच अभियंत्यांनी २००३ मध्ये लिहिलं होतं, की एका प्रश्नामागे सरासरी शेकडो मेगाबाइट माहिती वाचली जाते आणि प्रोसेसरची आवर्तनं दहा अब्जांच्या पटीत खर्च होतात. तेव्हा त्यांच्याकडे १५,००० हून जास्त साधे संगणक होते. सूचीचे तुकडे करून यंत्रायंत्रांवर ठेवायचे, सगळ्यांना एकदम विचारायचं, आलेली उत्तरं एकत्र करायची. म्हणून ते झटकन होतं.

पाच सेकंद दिले तरी तुम्हाला रक्तच मिळालं असतं. तुम्हाला विहिरीचं थारोळं हवंय हे यंत्राला कळायचं कसं? तुम्ही सांगितलंच नाहीत.

वांग्याचं_भरीत

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. (हलकेच घ्या.)

भीमाकाठ

तुम्ही दोघं कुठल्या सेकंदांबद्दल भांडताय? तो ०.३८ माझा नव्हेच. तो त्यांच्या यंत्राच्या घरातला वेळ. प्रश्न माझ्या मोबाइलमधून निघून उत्तर पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला नसतो.

आमच्या वस्तीवरून टॉवर सहा किलोमीटर. मागच्या पावसाळ्यात डाळिंबावर ठिपके दिसले, तेलकट डाग की आणखी काही ते बघायला बांधावर उभं राहून शोधलं. निकालाचं पान उघडायला वीसेक सेकंद. त्यातली साइट उघडायला मिनिटभर, कारण तिच्यावर चार जाहिराती नाचत होत्या. तोवर रेंज गेली.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून कॅलिफोर्निया साधारण साडेतेरा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ०.१३५ सेकंद तरी लागणारच. त्यालाही तोड म्हणून मोठ्या कंपन्या आपली यंत्रं मुंबईसारख्या शहरांत आणून ठेवतात. समुद्रापलीकडचा मार्ग त्यांनी असा आखूड केला, पण टॉवर ते माझा बांध हे सहा किलोमीटर तसेच आहेत. अर्धाकप साहेब, 'दहा सेकंद थांबवा' हे तुम्ही वायफायखाली बसून म्हणताय. माझ्याकडे ते दहा आधीच गेलेले असतात, त्यात आणखी दहा घालू नका.

अर्धाकप

भीमाकाठ, तुमचा मुद्दा पोचला. चहाची तुलना मागे घेतो.

पण खडूफळांना सोडणार नाही. वेग लोकांनाच हवा आहे, हे ज्या प्रयोगांवरून सांगतात ते बघा. २००६ मध्ये गूगलच्या मरिसा मायर यांनी जाहीर भाषणात सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. लोकांना विचारलं, एका पानावर किती निकाल हवेत? लोक म्हणाले, जास्त. दहाच्या जागी तीस दिले, तर वापर २० टक्क्यांनी घसरला. कारण काय काढलं, तर दहाचं पान ०.४ सेकंदांत येत होतं आणि तिसाचं ०.९ मध्ये. पुढे २००९ मध्ये गूगलने मुद्दाम ०.१ ते ०.४ सेकंद उशीर लावून पाहिला, तर लोकांचे शोध ०.२ ते ०.६ टक्क्यांनी कमी झाले.

आता मोजलं काय हे बघा. माणसाने किती वेळा शोधलं ते मोजलं. त्याला हवं ते सापडलं का, हे त्या आकड्यांत कुठे आहे? परवा मी सहा वेळा शोधलं आणि सहाही वेळा फसलो. यांच्या वहीत मी सहा शोधांचं समाधानी गिऱ्हाईक! डॉक्टरने रोगी किती वेळा दवाखान्यात आला यावर स्वतःचा हातगुण ठरवावा, तसंच हे झालं.

खडूफळा

हातगुणाचं उदाहरण झकास. अर्धं मान्य. शोधांची संख्या म्हणजे समाधान नव्हे, हे या धंद्यातही सगळे जाणतात. म्हणून तर माणूस निकालावर टिचकी मारून लगेच परत आला का, तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारला का, हेही बघतात.

पण तुम्ही सहा वेळा प्रयत्न का केलेत? प्रत्येक वेळी उत्तर चटकन आलं म्हणून. दर खेपेला दहा सेकंद लागले असते तर दुसऱ्या खेपेलाच तुम्ही कपाट उघडलं असतंत. १९९८ च्या मूळ निबंधात गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांनी स्वतःच लिहिलंय, की त्यांचं यंत्र बहुतेक प्रश्नांना १ ते १० सेकंद घेतं, आणि तो वेळ मुख्यतः डिस्कवरून वाचण्यात जातो. तेव्हा पानं होती सुमारे २ कोटी ४० लाख. पुढे सूची डिस्कवरून उचलून कितीतरी वेगवान मेमरीत ठेवली गेली आणि चित्र पालटलं. शोधणं ही चाचपडण्याची क्रिया आहे. अंधारात कडी चाचपताना हात भरभर हलला तर कडी लवकर सापडते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल करतो, तुम्ही ती माझ्याविरुद्ध वापराल हे ठाऊक असूनही. शंभर यंत्रांना एकदम विचारलं, आणि प्रत्येक यंत्र शंभरातून एकदाच एका सेकंदाहून जास्त रेंगाळत असलं, तरी सगळ्यांसाठी थांबायचं ठरवल्यास १०० पैकी ६३ प्रश्नांना सेकंदाहून जास्त लागतो. साधं गणित आहे, ०.९९ चा शंभरावा घात करून बघा. म्हणून मोठ्या यंत्रणा कधीकधी शेवटच्या रेंगाळणाऱ्यांसाठी थांबतच नाहीत. पुरेशी उत्तरं आली की पान धाडून देतात.

अर्धाकप

म्हणजे घाईपोटी काही कपाटं न उघडताच 'हे घ्या' म्हणतात! हेच तर मी पहिल्यापासून ओरडतोय. आणि ज्या कपाटाकडे बघितलंच नाही, नेमकं त्यातच माझं थारोळं नसेल कशावरून?

खडूफळा

असू शकतं. पण हे क्वचित होतं आणि सुटणारा भाग फार छोटा असतो. शिवाय ते होत असतं तर तुमच्या सहा खेपांपैकी एखादीत तरी विहीर दिसली असती, कारण रेंगाळणारं यंत्र दर वेळी वेगळं असतं. सहाही वेळा रक्तच आलं, म्हणजे दोष दुसरीकडे आहे.

कपाटकिल्ली

दोष कुठे आहे ते मी सांगते. ग्रंथालयात बावीस वर्षं सूचीचंच काम करते आहे, त्यामुळे दोघांवरही चिडायचा मला अधिकार आहे.

अर्धाकप, तुम्ही 'थारोळे' टाकलंत. बातम्यांत शब्द आहे 'थारोळ्यात'. अक्षरांच्या हिशेबाने हे दोन वेगळे शब्द. मग यंत्राने ते जोडले कसे? कारण त्याला थोडंफार मराठी व्याकरण शिकवलेलं आहे, विभक्ती सोलून मूळ शब्द गाठायचा. घर, घरात, घराला, घरासमोरच्या, हे सगळं एका खुंटीला टांगायचं. एरवी हे आपल्या भल्याचंच, नाहीतर 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्याची टंचाई' कधी दिसलीच नसती. तुमच्या बाबतीत त्या हुशारीनेच घात केला. 'थारोळ्यात'च्या बातम्या हजारो, नुसतं 'थारोळे' लिहिणारी पानं मूठभर. अवतरण चिन्हात शब्द टाका, म्हणजे तो जसाच्या तसा शोधला जाईल, आणि जोडीला 'मोट' लिहा.

आता खडूफळांकडे. तुमची पंगत छान आहे, पण मराठीच्या पंगतीत आचाऱ्याने निम्मा शिधा भांडारातच ठेवलाय, हे कोण सांगणार? युनिकोड (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठराविक क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधीचं किती मराठी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत बांधलेलं आहे! डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा काला. यंत्राला त्यात थारोळंही नाही आणि विहीरही नाही. जुनी पुस्तकं स्कॅन केली, फार उत्तम झालं, पण ती चित्रं आहेत. त्यांतली अक्षरं ओळखून घेतली नसतील तर सूचीच्या दृष्टीने ती कोरी पानं.

युनिकोडमध्येसुद्धा 'दऱ्या' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात खास ऱ, दुसऱ्यात साधा र, पायमोड आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर हुबेहूब सारखे, यंत्राला दोन निराळे, आधी कुणी सारखे करून घेतले नाहीत तर. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलंच २००८ साली. त्याआधी कुणी ऍ लिहिलं, कुणी अ वर चंद्र चढवला. आमच्या सूचीत एकच लेखक तीन जागी बसलेला मी पाहिलाय, तीन टंकलेखिकांच्या कृपेने.

तेव्हा ०.३८ चे पाच सेकंद करा नाहीतर ०.०३ करा, जे सूचीत चढलंच नाही ते निघणार कुठून?

वांग्याचं_भरीत

पॉपकॉर्न बाजूला ठेवून एक टोचणी. हीच जनता, जी म्हणे अर्ध्या सेकंदाच्या उशिराने पळते, ती आता एआयला प्रश्न विचारून दहा-पंधरा सेकंद पडद्याकडे टक लावून बसते. मग थांबायची तयारी आहेच की! अर्धाकपना माझा +१.

खडूफळा

तिथेही युक्ती आहे. शब्द एकेक करत उमटतात, म्हणजे पहिला शब्द लवकर दिसतो. पडदा दहा सेकंद कोरा ठेवून बघा, किती जण बसतात ते. संगणक वापरायला सोपे कसे करावेत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन पायऱ्या सांगितल्या होत्या: ०.१ सेकंदापर्यंत सगळं तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही, १० च्या पुढे माणूस दुसऱ्या कामाला लागतो. यंत्रं किती बदलली, पण हे आकडे अजून वापरात आहेत, कारण ते यंत्रांचे नाहीत, आपल्या डोक्याचे आहेत.

कपाटकिल्ली ताई, शिध्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तो भाग मी सोयीस्कर विसरलो होतो.

अर्धाकप

ताईंनी सांगितलं तसं करून पाहिलं. अवतरणात थारोळे, पुढे मोट. दुसऱ्याच निकालात एका लेखात विहीर सापडली: नाडा, सोंदूर, बैलांची धाव, सगळं नावानिशी. चित्र मात्र नाही. वेळ ०.४१ सेकंद, म्हणजे परवापेक्षा हळूच. 'ळ' टंकायला मला जास्त लागले.

तर 'थांबवलं की नीट सापडेल' हे माझं म्हणणं पडलं, मान्य. पण शोधांची मोजदाद करून लोक खूश आहेत असं ठरवण्याबद्दल मी बोललो ते उभंच आहे. त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. खडूफळा, 'अर्धं मान्य' म्हणून निसटलात, उरलेल्या अर्ध्याचं काय?

खडूफळा

उरलेलं अर्धं पगाराच्या दिवसानंतर.

भीमाकाठ

अर्धाकप साहेब, चित्र कशाला शोधताय? आमच्या जुन्या विहिरीवर थारोळं आहे अजून. घडीव दगडाचं, मोटेचं पाणी पडून पडून एका अंगाने झिजलेलं. मोट थांबून पन्नासेक वर्षं झाली. आता त्यात शेळ्यांना पाणी ठेवतो. सकाळी फोटो काढला, तीनदा इथे चढवायला घेतला, तिन्ही वेळा अर्ध्यात अटकला. उद्या बाजारला तालुक्याला जायचंय, तिथून टाकतो.