घरकर्ता गेलेल्या कुटुंबासाठी योजनांचे अर्ज: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : बचतगट कार्यकर्ती, यवतमाळ जिल्हा

आमच्या गावातील एका ताईंचे पती मागील पावसाळ्यात जिल्ह्याच्या रुग्णालयात आजारपणात वारले. त्यांचे वय चाळिशीच्या आतले होते. दोन मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात आणि पतीच्या नावावरील थोड्या कोरडवाहू जमिनीखेरीज घराचा आधार म्हणजे ताईंची मजुरी, म्हणजे निंदण आणि कापूस वेचणी. तालुक्याला गेले की दरवेळी एक नवा कागद सांगितला जातो आणि प्रत्येक चकरेपायी दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे आता त्या म्हणतात, "जाऊ द्या ना ताई, आपल्याले नाही जमत." योजनांची नावे मला ठाऊक आहेत, परंतु कोणता कागद आधी काढला म्हणजे पुढचे अडणार नाही, हे कोणी अनुभवी व्यक्तीने सांगावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त अव्वल कारकून, महसूल विभाग

ताई, सर्वांत आधी मृत्यूचा दाखला काढावा, कारण पुढचे सगळे कागद त्यावर अवलंबून असतात. मृत्यूची नोंद राहत्या गावी नव्हे, तर मृत्यू जेथे झाला तेथे होते. म्हणून रुग्णालयातील मृत्यूसाठी ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही, दाखला रुग्णालय ज्या हद्दीत आहे तेथील निबंधकाकडे मिळेल. एकाच वेळी चार-पाच प्रती घ्याव्यात.

दुसरे काम शिधापत्रिकेचे. मयताचे नाव कमी करून ताईंचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून लावून घ्यावे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीच शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख धरली जाते. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला. संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, आणि ही मर्यादा आजच्या मजुरीच्या दरांपुढे फारच तोकडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे तीन कागद हाती आले, की तहसीलच्या संजय गांधी शाखेत एकाच फेरीत दोन अर्ज द्यावेत. एक संजय गांधी योजनेचा, ज्यात दरमहा १,५०० रुपये मिळतात. दुसरा राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा, ज्यात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाचा कर्ता वारल्यास एकरकमी २०,००० रुपये मिळतात. हा दुसरा अर्ज बहुतेक वेळा राहूनच जातो, कारण त्याबद्दल आपणहून कोणी सांगत नाही. तोही वेळ न दवडता द्यावा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढे विचारणा करताना त्या पोचेवरील तारीखच उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट घरीच तपासावी. आधारवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरेच, असे बायकांच्या बाबतीत सर्रास असते. कागद ओळीने मांडून नावे अक्षर अन् अक्षर जुळवून पाहावीत आणि अर्ज देण्यापूर्वीच दुरुस्त्या करून घ्याव्यात.

उत्तर २ : बालसंरक्षण क्षेत्रातील कार्यकर्ता

वरील क्रम योग्य आहे. फक्त मुलांचा अर्ज तहसीलमध्ये नसतो, म्हणून तो सुटतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलांनाही प्रत्येकी दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात द्यावा लागतो आणि बाल कल्याण समितीच्या आदेशानंतर मंजुरी होते. शाळेतून दोन्ही मुलांचे बोनाफाईड आजच मागून ठेवा. ताईंना लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळत असतील, तर संजय गांधी योजनेचे १,५०० रुपये सुरू झाल्यावर दोन्ही एकत्र घेता येत नाहीत, हेही त्यांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर एक रक्कम बंद झाली की त्यांना फसवल्यासारखे वाटते.

उत्तर ३ : बँक मित्र

मंजुरीनंतरही पैसे हाती पडेपर्यंत सोबत सोडू नका. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि खाती अनेक असली तर शेवटी ज्या बँकेत आधार जोडले गेले, तेथे. बचतगटाच्या वेळी एक खाते, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी दुसरे, असे असताना बाई एका बँकेत विचारत राहते आणि पैसे दुसरीकडे पडून असतात. माझ्या समोर अशा कितीतरी जणी रडवेल्या होऊन परतल्या आहेत. शिवाय कापूस वेचून बोटांची कातडी झिजते आणि यंत्रावर ठसा उमटत नाही. त्यामुळे आधारला चालू मोबाईल क्रमांक जोडून घेणे अगत्याचे आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. जमिनीविषयी मात्र विचारायचे राहिले. सासरची मंडळी म्हणतात की सातबाऱ्यावर नाव लावायची एवढी घाई कशाला.

उत्तर ४ : तालुका न्यायालयातील वकील

घाई करावी. मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, वारस नोंदीचा अर्ज द्यावा. हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुले आणि मयताची आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस आहेत, त्यामुळे सासूबाई हयात असल्यास त्यांचेही नाव लागेल. हे आधीच मोकळेपणाने सांगितले, तर घरातला विरोध पुष्कळदा मावळतो. तरीही अडवणूक झाली, तर तालुका विधी सेवा समितीकडे यावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ताईंना एकटे पाठवू नका, आपण सोबत या.