नवख्यांच्या गळ्यात व्हीएस कोड कशाला?

मांजराकाठ (लातूर): "नवख्यानं व्हीएस कोडच टाकावं, बाकी एडिटर अडगळ," असं काल इथं ग्रुपवर कुणीतरी ठोकून दिलं. (व्हीएस कोड म्हणजे कोड लिहायचा मायक्रोसॉफ्टचा एडिटर.) भाऊ, 4 जीबी रॅमच्या लॅबमध्ये कधी शिकवलंय का? ते इलेक्ट्रॉनवर चालतं, म्हणजे पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर, रॅम खाणारच. वर सी भाषेचा कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करणारा प्रोग्रॅम) त्यात नाहीच. तो वेगळा टाका, पाथ लावा (तो कुठल्या फोल्डरात आहे ते मशीनला सांगा), एक्स्टेन्शन म्हणजे एडिटरची पुरवणी घ्या. 'हॅलो वर्ल्ड'च्या आधीच पोरगं रडकुंडीला. पायथॉन भाषेसाठी थॉनी हा साधा एडिटर द्या: पायथॉन सोबतच येतं, एकेक ओळ चालवून व्हेरिएबल बदलताना दिसतो. सीला मिंगडब्ल्यू कंपायलरसकटचा कोडब्लॉक्स एडिटर. विषय संपला.

देवगिरीकर: पोस्ट माझीच. 'अडगळ' मागे घेणार नाही. थॉनीवर वाढलेलं पोरगं पुण्यात गेलं की टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) बघून गांगरतं. पाथ लावणं हेही शिक्षणच ना?

हळदवाला (वसमत): तुमची भांडणं श्रीमंताची. आमच्या कॉलेजात डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी, तो जुनाट एडिटर-कंपायलर! 1998 च्या सी++ स्टँडर्डात (भाषेच्या अधिकृत नियमांत) आयओस्ट्रीम डॉट एच ही हेडर फाइल नाही, आमच्या जर्नलात मात्र होतं. मुलाखतीत कागदावर व्हॉइड मेन अन् क्लिअरस्क्रीन ही टर्बोची जुनी पद्धत लिहिली, समोरचा हसला लेकाचा.

लॅबवाले सर: टर्बोला नावं ठेवू नका. कंट्रोल एफ नाईन दाबलं की चाललं. नेट नको, एक्स्टेन्शन नको. जुन्या डबड्यावर त्यानंच परीक्षा निभावल्या.

हळदवाला: निभावल्या? टर्बोत इंट (पूर्णांकाचा डबा) 2 बाइटचा, 32767 च्या वर मावत नाही! 8 चं फॅक्टोरियल 40320 ऐवजी -25216 आलं आणि आमच्या सरांनी जर्नलवर सही केली.

लॅबवाले सर: मग लाँग (मोठा डबा) घ्यायचा होता. ओव्हरफ्लो (आकडा न मावणं) 8 लाच दिसला ना? तुमच्या जीसीसी कंपायलरात इंट 4 बाइटचा, 12 पर्यंत सगळं गोड, 13 ला बोंब. लवकर कळलेलं बरं.

हळदवाला: कळलं असतं तर सही कशाला केली असती? उगं काहीही.

लॅबवाले सर: साठ पोरांची जर्नलं एका दुपारी तपासून दाखवा, मग बोला.

देवगिरीकर: एडिटरवर बोलायचं का कुणी?

मांजराकाठ: आग तुम्हीच लावली. बरं, दुसऱ्या वर्षाला द्या व्हीएस कोड, पण कोपायलट (कोड सुचवणारं एआय) बंद करून. पोरगं 'फॉर' लिहितं, राखाडी अक्षरात अख्खं लूप हजर, टॅब दाबला की जर्नल पूर्ण.

देवगिरीकर: दुसऱ्या वर्षाला! फार उपकार झाले. कोपायलटचं तेवढं मान्य. आणि 4 जीबीवाल्यांनी जिआनी (Geany) हा हलका एडिटर टाका, माझ्या डोक्याला ताप नको.

लॅबवाले सर: टर्बो ऑल्ट-एंटरनं फुल स्क्रीन होतं, माहीत नसेल तर.