शेअर कट्टा ग्रुप : ब्रेनचिप घ्यावा का?

सेक्रेटरी : सुप्रभात मंडळी. सोसायटीच्या मेन ग्रुपवर टँकरच्या बिलाचा विषय चालू असताना मध्येच शेअरचे मेसेज यायला लागले, म्हणून हा विषय इथे घेऊया. काका, तुमचा मेसेज इकडे परत टाका प्लीज 🙏

काका बी ७०४ : टाकतो. माझा मुलगा मेलबर्नला असतो हे सगळ्यांना माहितीच आहे. त्याने तिथल्या बाजारातला ब्रेनचिप नावाचा शेअर बरीच वर्षं धरून ठेवलाय. छोटी कंपनी आहे, एज एआयची चिप बनवते, म्हणजे जो एआय आत्ता मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये चालतो तो कॅमेऱ्यात, कानाच्या मशीनमध्ये, गाडीत, जागच्या जागी चालवायचा आणि तोही अगदी किरकोळ विजेवर. माझी एक एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय, मुलगा म्हणतो बाबा भाव पडलेला आहे, हीच वेळ आहे. आपल्यात चिपवाली माणसं आहेत म्हणून विचारतोय.

दादा सी १२०३ : काका एएसएक्सवरचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारातला, बीआरएन सिम्बॉलचा ना? २०२२ च्या जानेवारीत २ डॉलर ३४ सेंटपर्यंत गेला होता, ऑस्ट्रेलियन डॉलर. नंतर जो घसरला तो बराच काळ २०-३० सेंटच्या आसपास घोटाळत राहिला.

काका बी ७०४ : तेच तर, मर्सिडीजने नाव घेतलं आणि तो उडाला. व्हिजन ईक्यूएक्सएक्स म्हणून गाडी होती त्यांची, एका चार्जवर १००० किलोमीटर जाणारी, त्यात "हे मर्सिडीज" म्हटल्यावर गाडी जागी होते ते काम यांच्या अकिडा चिपवर होतं, आणि मर्सिडीजनेच सांगितलं की नेहमीच्या व्हॉइस कंट्रोलपेक्षा ५ ते १० पट कमी वीज लागते. शिवाय रेनेसास आणि मेगाचिप्स ह्या जपानच्या चिप कंपन्या, दोघांनी हे डिझाइन वापरायचं लायसन्स घेतलेलं आहे. नासा आहे. २०२४ च्या मार्चमध्ये चिप उपग्रहात बसून वर गेली. त्याच वर्षी डिसेंबरला अमेरिकेच्या एअरफोर्सच्या लॅबचं १८ लाख डॉलरचं काम मिळालं. एवढी मोठी नावं उगाच मागे लागत नाहीत हो.

काकू डी २०५ : मुलाचे किती अडकलेत भाऊ?

काका बी ७०४ : तो अडकलेत असं म्हणत नाही. थोडे वर घेतले, बरेच खाली घेतले, ॲव्हरेज केलंय. दर रविवारी फोनवर आमचं अर्धा तास हेच चालतं. तिकडे त्याच्यासारखे हजारो छोटे गुंतवणूकदार आहेत, पेटंट वाचतात, कुठल्या कंपनीचा इंजिनिअर कुठल्या कॉन्फरन्सला गेला होता, कोणी कोणाची पोस्ट लाइक केली, सगळं जुळवत बसतात. अभ्यास मोठा आहे पोरांचा.

दादा सी १२०३ : माझं मत सांगू का, भारतात लिस्टेड अशी शुद्ध एज एआय चिपची कंपनीच नाहीये. तिरुवनंतपुरमची नेत्रसेमी आहे, २०२५ मध्ये १०७ कोटी उभे केले, झोहोने पैसे घातलेत, पण ती अनलिस्टेड. आपल्याकडे नावात सेमीकंडक्टर दिसलं की लोक काय बनवतात ते न बघता अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या कमाल भावाला, रांग लावतात, त्यापेक्षा निदान इथे खरी चिप आहे. मी असतो तर घेतला असता.

काकू डी २०५ : अरे तू एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्स करतोस, तुझं काळीज वेगळं. सेबीचाच आकडा आहे, २०२२ ते २०२४ ह्या तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के लोकांनी एफ अँड ओत पैसे घालवले. भाऊंचे रिटायरमेंटचे पैसे आहेत.

दादा सी १२०३ : काकू हा एफ अँड ओ नाहीये, डिलिव्हरीचा, म्हणजे घेऊन ठेवायचा शेअर आहे 🙏

ताई ए ३०२ : काका नमस्कार, मी आत्ता वाचलं. ऐरोलीला आमच्या ऑफिसात हेच काम चालतं, म्हणजे चिपवर एआयचं मॉडेल, ओळखायला शिकवलेला प्रोग्राम, चढवायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते, मोठं होईल, सांभाळून घ्या.

ताई ए ३०२ : पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या मुलाला जे पटलंय ते तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. एआयमध्ये वीज गुणाकार बेरजेला फार जात नाही, ती जाते मेमरीतून आकडे आणण्या-नेण्यात, बाहेरच्या मेमरीतून एक आकडा उचलून आणायला एका बेरजेच्या शेकडो पट ऊर्जा लागते. अकिडा काय करते, जिथे काही बदललंच नाही, जिथे आकडा शून्य आहे, तिथलं काम करतच नाही, आणि मॉडेलचे आकडे चिपच्या आतच ठेवते. आपल्या गेटच्या कॅमेऱ्यासमोर रात्री दोन ते पाच काहीच हलत नाही, तरी साधी सिस्टिम प्रत्येक फ्रेम पहिल्यापासून शेवटपर्यंत चघळते. अशा चिपला तिथे जवळपास आराम असतो. २०२४ मध्ये त्यांनी अकिडा पिको म्हणून छोटं डिझाइन आणलं, ते एका मिलीवॉटपेक्षा कमी विजेवर चालतं. कानाच्या मशीनला, हातातल्या पट्ट्याला हेच पाहिजे. आणि मला मनापासून वाटतं की हे व्हायला हवं, आपल्या मुलांचे खेळतानाचे फुटेज कोणाच्या तरी परदेशी सर्व्हरवर जायची गरजच पडू नये, कॅमेऱ्याने जागेवर ओळखावं आणि फक्त "गेटवर अनोळखी गाडी" एवढंच बाहेर पाठवावं.

काका बी ७०४ : मग झालं तर! हेच तर तो सांगतो.

ताई ए ३०२ : थांबा काका, आता पुढचं. मेंदूसारखी चिप ही कल्पना नवीन नाही. आयबीएमने २०१४ ला ट्रूनॉर्थ आणली, १० लाख न्यूरॉन (मेंदूतल्या पेशींची नक्कल) आणि ७० मिलीवॉटच्या आसपास वीज, सगळे थक्क झाले होते. इंटेलने २०१७ ला लोइही आणली. दोन्ही संशोधनातच राहिल्या. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही चिप चालली पण धंदा जमला नाही. ब्रेनचिपने निदान विकायला काढली, हे मी त्यांचं मोठंच मानते.

पण लायसन्स आणि ऑर्डर ह्यात जे अंतर आहे ना ते बाहेरून दिसत नाही. मी आतून बघते म्हणून सांगते. समजा एखाद्या गाडीवाल्याला चिप आवडली. आधी तो डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे चाचणीसाठी चिप बसवलेला बोर्ड, मागवतो, आमच्यासारखी दोन-तीन माणसं त्याच्यावर बसवतो. आम्ही आमचं तयार मॉडेल घेतो, त्यांच्या सॉफ्टवेअरमधून काढतो, तर मॉडेलमधली कुठली तरी एखादी लेयर (थर) ती चिप घेतच नाही, मग ती बदला, मॉडेल परत ट्रेन करा, म्हणजे पुन्हा शिकवा. अकिडाची पहिली पिढी आकडे १, २, ४ बिटमध्ये, म्हणजे फारच कमी जागेत ठेवायची, तेवढं बारीक केलं की अचूकता पडते, ९५ वरून ९१ वर आलं की मॅनेजर विचारतो हे कशाला, जुनी चिप वाईट होती का? मग कंपनीच्या सपोर्टला मेल, त्यांचं उत्तर, परत ट्रेनिंग. ह्याच्यात सहा-आठ महिने सहज जातात आणि हे सगळं अजून "आम्ही बघतोय" एवढ्यातच मोडतं. त्यानंतर गाडीसाठी लागणाऱ्या टेस्ट, उणे ४० ते १०० च्या वर तापमानात हजारो तास चालवून बघतात, मग मॉडेलमध्ये जागा, मग कारखाना. चार-पाच वर्षं नॉर्मल आहेत. आणि मध्ये कुठेही तो गाडीवाला "नको" म्हणू शकतो आणि त्याची बातमी येत नाही. बोर्ड घेतल्याची येते.

ताई ए ३०२ : ती ईक्यूएक्सएक्स पण शोरूमला विकायची गाडी नव्हती काका, प्रयोगाची गाडी होती.

दादा सी १२०३ : हो पण ताई, रेनेसासने तर लायसन्सचे पैसे मोजलेत ना.

ताई ए ३०२ : मोजले, डिसेंबर २०२० ला करार झाला. मेगाचिप्सचा नोव्हेंबर २०२१ ला. २०२२ मध्ये कंपनीचं उत्पन्न ५० लाख अमेरिकन डॉलरच्या आसपास दिसलं आणि लोकांना वाटलं गाडी सुटली. २०२३ ला ते अडीच लाख डॉलरच्याही खाली आलं, २०२४ ला चार लाखांच्या जवळपास. तोटा ह्याच काळात वर्षाला दोन-तीन कोटी डॉलरच्या घरात. लायसन्सची फी एकदाच येते, खरा पैसा रॉयल्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाने चिप बनवून विकली की प्रत्येक नगामागे काही सेंट. ती रॉयल्टी २०२४ पर्यंत तरी दिसण्याएवढी सुरूच झालेली नव्हती.

काकू डी २०५ : चार लाख डॉलर म्हणजे तीन-साडेतीन कोटी रुपये. आपल्या रस्त्यावरचं एखादं चांगलं हॉटेल करत असेल की एवढा धंदा!

काका बी ७०४ : मग एवढा तोटा भरतात कुठून?

ताई ए ३०२ : नवीन शेअर काढून. एलडीए कॅपिटल म्हणून एक फंड आहे, २०२० मध्ये त्यांच्याशी करार झाला, कंपनीला रोकड लागली की त्यांना शेअर द्यायचे, शिवाय बाकी गुंतवणूकदारांनाही शेअर विकून पैसे उभे केलेत. २०२२ च्या सुरुवातीला १७० कोटींच्या आसपास शेअर होते, पुढे २०० कोटींच्या आसपास गेले. म्हणून परत २ डॉलर ३४ ला जाईल हा हिशोब जुन्या भावावरून करू नका, तेव्हा कंपनीची किंमत ४०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर धरली जात होती, आता तोच भाव यायला त्याहून जास्त किंमत लागेल, आणि २०२४ ची विक्री तर चार लाख डॉलरचीच होती.

दादा सी १२०३ : हे मात्र मी नव्हतं बघितलं. मी फक्त चार्ट बघितला.

काका बी ७०४ : तुझं सगळं समजलं. पण एक मुद्दा आहे माझा, मी ३४ वर्षं बँकेत कर्जं दिली आहेत. ताळेबंद बघून दिलेली कर्जं बुडालेली पाहिलीत आणि वागळे इस्टेटमध्ये एका शेडमध्ये दोन मशिनं असलेल्या माणसाला दिलेलं कर्ज फिटून त्याचा कारखाना झालेला पण पाहिलाय. सगळंच कागदावर दिसल्यावर घ्यायचं म्हटलं तर छोट्या कंपनीला कोण उभं करणार? ती पोरं तीन वर्षं भाव पडलेला असताना धरून बसलीत, त्यात लोभ असेल पण विश्वास पण आहे. आणि मोठी कंपनी विकत घेऊ शकते ना ह्यांना?

ताई ए ३०२ : घेऊ शकते. एनएक्सपीने २०२५ मध्ये किनारा नावाची अशीच एज एआयची छोटी कंपनी ३० कोटी ७० लाख डॉलर रोख देऊन घ्यायचं जाहीर केलं. क्वालकॉमने त्याच वर्षी एज इम्पल्स घेतली. म्हणजे आशा हवेत नाहीये, हे क्षेत्र मोठ्यांना पाहिजेच आहे. तुमचा शेडवाला मुद्दा पण मला पटतो. फक्त शेडवाल्याकडे तुम्ही महिन्याला जाऊन बघू शकत होता की मशीन चालू आहे का, माल ट्रकमध्ये चढतोय का. इथे ट्रक बघायची एकच जागा आहे आणि ती लाइकमध्ये नाही, पेटंटमध्येही नाही. आणि हे शर्यतीत एकटे नाहीयेत हेही बघा, इस्रायलच्या हायलो कंपनीची चिप २०२४ मध्ये रास्पबेरी पाय ह्या छोट्या स्वस्त कॉम्प्युटरच्या किटमध्ये ७० डॉलरला आली, आमच्याकडे नवीन आलेला मुलगा दोन दिवसांत त्यावर माणूस-गाडी ओळखायला लावतो. वीज जास्त खाते, पण इंजिनिअरला जे सोपं पडतं ते आधी बसतं.

काकू डी २०५ : आणि भाऊ, इथून घेणार कसे? आपल्या नेहमीच्या ॲपवर ऑस्ट्रेलियाचे शेअर नसतात.

काका बी ७०४ : मुलाला पाठवीन, तो घेईल.

दादा सी १२०३ : काका ते शेअर मग मुलाचे. तुम्ही पाठवलेले पैसे त्याला गिफ्ट धरले जातात, एलआरएस म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत चालतं, १० लाख रुपयांच्या वर गेलात तर बँक वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून ठेवेल, रिटर्न भरताना परत मिळतो पण तोवर अडकतो. आणि स्वतःच्या नावावर परदेशी अकाउंट काढून घेतलेत तर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल भरावं लागतं, शेअर एकच असला तरी. विसरू नका, रक्कम मोठी असली तर तिथे दंड भारी आहे.

काका बी ७०४ : हे सीएला विचारतो. मी दहा लाख नाही घालणार रे. एफडी सहाची आहे. हिला सांगितलंय निम्मे परत बँकेतच.

काकू डी २०५ : वहिनींना निम्मे म्हणजे किती ते पण सांगा. तीन लाख पण कमी नाहीत. पूर्ण गेले तर घरात काय अडेल हे आधी बघा, मग पाठवा.

ताई ए ३०२ : काकू बरोबर बोलतायत. काका, मला ही कंपनी जिंकायला हवी आहे, खरंच. एवढ्या कमी विजेची चिप विकली गेली तर आमच्यासारख्यांना कामाला नवीन दार उघडेल. पण लगेच टाकायची घाई का? मालाची ऑर्डर खरी आली तर ती एका रात्रीत संपत नाही, दोन-तीन तिमाह्या दिसत राहते, तेव्हा आत्तापेक्षा थोडा महाग मिळाला तरी चालेल की.

काका बी ७०४ : ती ट्रक बघायची जागा कुठली ते सांग.

ताई ए ३०२ : एएसएक्सवर अशा कंपन्यांना दर तिमाहीला रोख पैशाचा हिशोब द्यावा लागतो, त्याला ४सी म्हणतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या शेवटी येतो. दोनच ओळी बघा. १.१ ला गिऱ्हाइकांकडून प्रत्यक्ष आलेले पैसे असतात, करार झाले, बोलणी चालू आहेत वगैरे तिथे चालत नाही, बँकेत आलेलाच आकडा. आणि ८.५ ला असतं की हातातली रोकड अजून किती तिमाह्या पुरेल. ८.५ चा आकडा लहान झाला की समजायचं नवीन शेअर येणार. १.१ चा आकडा सलग वाढायला लागला तर मला फोन करा, मी पण घेईन.

दादा सी १२०३ : ताई मागच्या दोन वर्षांचे सगळे ४सी काढून १.१ ची एक शीट करतो, संध्याकाळी इथे टाकतो.

काका बी ७०४ : टाक. मी आज फोनवर त्याला पण विचारतो, त्याने हे १.१ कधी बघितलंय का. तो मला मर्सिडीजच्या बातम्याच पाठवतो.

सेक्रेटरी : काका ती शीट आली की मला पण पाठवा, माझ्या भाच्याने पण घेतलाय तिकडे सिडनीला.