कॉलेजचे हॉल, वर्गखोल्या बुक करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तापीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सीनियर कॉलेज आहे, आर्ट्स कॉमर्स सायन्स तिन्ही, आणि त्याच आवारात ज्युनिअर पण भरतं. वर्गखोल्या २६, लॅब ९, एक सेमिनार हॉल आणि एक मोठं सभागृह. टाईमटेबल कमिटी या वर्षी माझ्याकडे आलीय म्हणून विचारतोय.

आत्तापर्यंत सगळं ऑफिसातल्या एका रजिस्टरवर चालायचं. हॉल पाहिजे तर अर्ज द्यायचा, प्राचार्यांची सही घ्यायची, मग हेडक्लार्क नोंद करणार. हळूहळू अर्ज मागे पडला आणि लोक स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच टाकायला लागले की उद्या ११ ला सेमिनार हॉल घेतोय, कोणी अंगठा दाखवला की झालं बुकिंग. गेल्या २४ डिसेंबरला साने गुरुजी जयंतीचं व्याख्यान ठेवलेलं, पाहुणे नाशिकहून सकाळच्या गाडीने आलेले, आणि हॉलमध्ये एनएसएसच्या पोरांची कॅम्पची मीटिंग चालू. दोघांनीही ग्रुपवर टाकलेलं होतं, चूक कोणाची म्हणणार. पाहुण्यांना आम्ही वीस मिनिटं व्हरांड्यात उभं ठेवलं. वयाने मोठा माणूस, एक शब्द बोलले नाहीत, पण मला दिवसभर तेच डोळ्यासमोर दिसत होतं.

त्यात २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण (एनईपी) आमच्याकडे लागू झालं. पूर्वी एफवायबीएची एक तुकडी एका खोलीत बसायची आणि मास्तर बदलायचे, आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असं सगळं वेगवेगळं असल्यामुळे एकाच तासाला तीच पोरं चार-पाच खोल्यांत फुटतात. कोणती खोली रिकामी आहे हे बघायला मी स्वतः जिने चढतो.

एका ईआरपीवाल्याने (कॉलेजचा सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरमध्ये देणारी कंपनी) येऊन सांगितलं की आमच्यात सगळं आहे, पण पैसे दरवर्षी भरायचे. अमेरिकेतल्या कॉलेजांत २५लाईव्ह, ईएमएस असलं काय काय वापरतात तेही वाचलं. गुगल कॅलेंडरवर भागेल का? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

पांझराकाठ_धुळे

सर, मी कॉम्प्युटर लॅबला असतो, आमच्याकडे हे मीच बसवलंय म्हणून जरा लांब लिहितो.

आधी एक गोष्ट, तुम्ही तीन वेगळी कामं एकात धरताय. आठवड्याचं टाईमटेबल तयार करणं हे एक. ठरावीक तारखेला हॉल कोणाला द्यायचा हे दुसरं. आणि कॉलेजमध्ये या महिन्यात काय काय आहे ते विद्यार्थी पालकांना दिसणं हे तिसरं. तिन्ही कामं चांगली करणारं फुकटातलं मला तरी एकच सापडलं, युनिटाईम, अमेरिकेतल्या परड्यू युनिव्हर्सिटीतून आलेलं ओपन सोर्स. तासांचं टाईमटेबल, परीक्षांचं टाईमटेबल, इव्हेंट सगळं आहे त्यात, पण जावावर चालतं, डेटा भरायलाच महिना जाईल आणि आपल्या आकाराच्या कॉलेजला ते झेपत नाही. २५लाईव्ह, ईएमएस ही तिकडच्या मोठ्या कॅम्पससाठी केलेली आहेत, त्यांची ताकद तिथल्या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सिस्टिमशी जोडलं जाण्यात आहे, आपल्याकडे जोडायला तसलं काही नाही मग त्याचे पैसे कशाला द्या.

दुसऱ्या कामासाठी आम्ही एमआरबीएस वापरतो. मीटिंग रूम बुकिंग सिस्टिम, पीएचपी भाषेत लिहिलेलं आहे, मायएसक्यूएल डेटाबेसवर चालतं, लायसन्स जीपीएल (ओपन सोर्स) म्हणजे पैसे नाहीत. लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकून कॅम्पसच्या लॅनवर चालवलंय, बाहेरचं नेट गेलं तरी चालू राहतं. त्यात मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे घड्याळाच्या वेळेऐवजी पिरियड ठेवता येतात, पहिला तास दुसरा तास असं, त्यामुळे ४८ मिनिटांचा तास असो की तासाभराचं प्रॅक्टिकल, लोक गोंधळत नाहीत. एरिया करायचे (जुनी बिल्डिंग, सायन्स बिल्डिंग) आणि त्यात खोल्या. हॉलच्या एरियाला मंजुरी ऑन केली की कोणीही बुक केलं तरी ते आधी कच्चं दिसतं, प्राचार्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने ओके केलं की पक्कं. वर्गखोल्यांना मंजुरी ठेवू नका, रोज चाळीस मंजुऱ्या कोण देणार.

दोन ठिकाणी आम्ही फसलो ते सांगतो. सर्व्हरचा टाईमझोन एशिया/कोलकाता केला नव्हता, त्यामुळे सगळं साडेपाच तास सरकलेलं, सकाळी ११ वाजता सिस्टिम म्हणे साडेपाच वाजलेत. आणि बॅकअप. मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये एसी बंद, बाहेर ४४-४५ डिग्री, मशीनची हार्डडिस्क गेली. सुदैवाने डेटाबेसची कॉपी रोज रात्री दुसऱ्या मशीनवर जात होती म्हणून वाचलो. ते पहिल्या दिवसापासून करा.

भुसावळकर_मॅडम

सर आमच्याकडे लॅब असिस्टंट एवढे हुशार नाहीत आणि सर्व्हर सांभाळायला कोणीच नाही, त्यामुळे आम्ही गुगलवरच केलं आणि दोन वर्षं नीट चाललंय.

पण साधं गुगल कॅलेंडर शेअर केलं तर काही उपयोग नाही, एकाच वेळेला दोन इव्हेंट ते खुशाल घेतं. कॉलेजचं स्वतःचं डोमेन असेल तर गुगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनचं फंडामेंटल्स हे फुकट मिळतं, त्यात ॲडमिनच्या पानावर बिल्डिंग आणि रिसोर्सेस असा भाग आहे. तिथे प्रत्येक खोली टाकायची, किती जण बसतात, प्रोजेक्टर आहे का ते पण टाकायचं. मग इव्हेंट करताना पाहुण्यांसारखीच खोलीला पण बोलवायचं, खोली रिकामी असेल तर स्वतःच हो म्हणते आणि आधीच कोणी घेतली असेल तर नाही म्हणते. हॉलसाठी हे आपोआप हो म्हणणं बंद ठेवून आम्ही मंजुरी व्हाईस प्रिन्सिपल सरांकडे दिलीय. मायक्रोसॉफ्टचं शिक्षणवालं फुकट अकाउंट असेल तर त्यातही रूम मेलबॉक्स (खोलीचं स्वतःचं मेल अकाउंट) आहे, काम तसंच चालतं, फक्त तिथे खोली मुळात १८० दिवस पुढेपर्यंतचंच बुकिंग घेते, ते ॲडमिनने वाढवावं लागतं.

खरा त्रास वेगळाच झाला. अर्धे शिक्षक आपापल्या घरच्या जीमेलवर, कॉलेजचा आयडी कधी उघडलेलाच नाही, त्यांना खोल्याच दिसेनात. आम्ही एका शनिवारी सगळ्यांना लॅबमध्ये बसवून प्रत्येकाच्या मोबाईलवर अकाउंट टाकून दिलं, सीएचबीवाल्या (तासिका तत्त्वावरच्या) पोरांसकट. तेव्हापासून सुरळीत.

आणि सर, त्या पाहुण्यांना एक पत्र पाठवा. उशीर झाला तरी पाठवा.

निवृत्त_हापिस_शहादा

भाऊ, मी ३१ वरीस कॉलेजना हापिसमा काम करेल शे, रजिस्टर मनाच हातमा व्हतं. बाकीचं मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना समजेल.

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, पण आधी एका कागदावर लिहून प्राचार्यांची सही घ्या की हॉलवर पहिला हक्क कोणाचा. आमच्याकडे असा क्रम होता: विद्यापीठाची परीक्षा, मग सरकारी काम, मग कॉलेजचे ठरलेले कार्यक्रम, मग विभागांचे, मग बाहेरचे. सरकारी काम म्हणजे निवडणूक. २०२४ मध्येच बघा, जळगाव, रावेर आणि आमच्या नंदुरबारला लोकसभेचं मतदान १३ मे ला, विधानसभेचं २० नोव्हेंबरला, म्हणजे एका वर्षात दोनदा खोल्या द्याव्या लागल्या आणि नोव्हेंबर म्हणजे परीक्षेच्या तोंडावर. वरतून रविवारी स्पर्धा परीक्षांचं केंद्र, मुक्त विद्यापीठाचे वर्ग. हे सगळं सिस्टिममध्ये पहिलं भरा.

आणि खोल्यांची नावं एकच करा. आमच्याकडे एकच खोली होती तिला कोणी १४ नंबर म्हणे, कोणी जुनी लायब्ररी, कोणी बॉटनीच्या शेजारची. रजिस्टरमध्ये तीन नावांनी तीन जणांना दिलेली मी स्वतः पाहिलीय, ती चूक माझ्या हातून झालेली. दारावर रंगाने नंबर लिहा आणि तोच नंबर कॉम्प्युटरमध्ये.

शिपाईमामांना विसरू नका. हॉल उघडणार ते, खुर्च्या लावणार ते, माईक काढणार ते. त्यांच्याकडे रोज सकाळी छापील कागद गेला पाहिजे, कोणत्या वेळेला कोणती खोली, किती खुर्च्या. मोबाईलवर सगळं आहे असं म्हणून चालत नाही.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, पत्र आजच लिहितो. काका, तुमचा तो क्रम जसाच्या तसा प्राचार्यांसमोर ठेवतोय.

धुळेकर सर, एक अडलंय. समजा रोजचे तास पण एमआरबीएसमध्ये टाकले, सोमवारी तिसरा तास खोली ९ असं पूर्ण सेमिस्टर, आणि मग परीक्षेचं वेळापत्रक आलं की पंधरा दिवस त्याच खोल्यांत परीक्षेचे ब्लॉक (बैठका) लावायचे. तेव्हा सगळे तास एक एक करून काढायचे का? आणि टाईमटेबल स्वतःच तयार करून देणारं काही आहे का?

पांझराकाठ_धुळे

उलटं करायचं सर. अंतर्गत परीक्षा, सुट्ट्या, जे आधी माहीत आहे ते पहिलं टाकून घ्या, त्यात एकाच वेळी अनेक खोल्या निवडता येतात. मग दर आठवड्याला रिपीट होणारा तास टाकताना 'कॉन्फ्लिक्ट असेल ते सोडून दे' असं टिक करता येतं, परीक्षेच्या दिवसांचे तास आपोआप गाळले जातात. विद्यापीठाची तारीख नंतर कळते म्हणून आम्ही तास पूर्ण सेमिस्टरचे टाकतच नाही, महिना महिना टाकतो. थोडं काम वाढतं, पण पुसत बसायला लागत नाही.

टाईमटेबलसाठी एफईटी बघा, फुकट आहे, विंडोजवर पण चालतं. शिक्षक, तुकड्या, त्यांचे ग्रुप, खोल्या आणि अटी भरायच्या (अमुक मॅडम गुरुवारी नाहीत, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल सलग तीन तास, ओपन इलेक्टिव्हचे सगळे एकाच वेळी), ते स्वतः जुळवून देतं. एनईपीमुळे तुमचं जे डोकं फिरलंय ना ते हेच काम आहे आणि याला हाताने वहीवर दोन आठवडे लागायचे. पण अटी एकदम सगळ्या टाकू नका, जमतच नाही म्हणून थांबतं आणि कुठली अट आडवी आली ते शोधणं अवघड जातं, थोड्या थोड्या वाढवत जा. आणि त्याला तारीख कळत नाही, फक्त आठवडा कळतो, त्यामुळे हॉलचं बुकिंग त्यात होणार नाही.

सातपुडा_पोरगा

मी विद्यार्थी आहे, नंदुरबारला. आम्हाला खोली कोणी बुक केली ते नको असतं सर, आज आमचा तास कुठे आहे एवढंच पाहिजे. वेबसाईटवरच्या कॅलेंडरची लिंक मोबाईलला जोडली तर गुगलमध्ये बदल दिसायला कधीकधी १२ तास लागतात, सकाळी बदललेली खोली संध्याकाळी कळून काय करणार. आजचा बदल नोटीस बोर्डवर किंवा ग्रुपवरच टाका. अजून एक, त्या तयार भारतीय सुट्ट्यांच्या कॅलेंडरवर अवलंबून राहू नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्याकडे घरोघरच्या पोरी माहेरी येतात, वर्ग निम्मे रिकामे. श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाचा सोमवार, ९ ऑगस्टचा आदिवासी दिवस, सारंगखेड्याची यात्रा हे सगळं हाताने टाकावं लागतं, नाहीतर त्याच दिवशी कोणीतरी मोठा सेमिनार ठेवतं आणि मग पोरं का आली नाहीत म्हणून ओरडतं.

रावेर_कॉमर्स

ईआरपीवाल्याबद्दल थोडं. डेमो त्याच्या डेटावर बघू नका, तुमच्याच दोन तुकड्या आणि तीन खोल्या त्याला द्या आणि म्हणा समोर बसून भर. मुद्दाम एकच हॉल दोनदा बुक करून बघा. आणि सोडून जायचं ठरवलं तर डेटा एक्सेलमध्ये किंवा आयकॅल (कॅलेंडरच्या) फाईलमध्ये बाहेर काढता येतो का ते लेखी घ्या. आम्ही लेखी घेतलं नव्हतं, तीन वर्षांच्या कार्यक्रमांच्या नोंदी अडकल्या, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) वेळी फोटो आणि तारखा परत जुळवायला आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) मॅडम रात्री आठपर्यंत बसायच्या.

तापीकाठ

काल प्राचार्यांशी बोलणं झालं. टाईमटेबल एफईटीमध्ये, त्याचं भरणं मी दिवाळीच्या सुट्टीत करतो. हॉल आणि सभागृहासाठी गुगल, कारण डोमेन आमच्याकडे आहे आणि सर्व्हर बघायला खरंच कोणी नाही. वर्गखोल्यांचं एमआरबीएस पुढच्या सेमिस्टरला, धुळेकर सर तेव्हा तुम्हाला त्रास देणार. ईआरपीवाल्याला तूर्त नाही कळवलं. हक्काच्या क्रमावर सही झाली, फक्त युवारंगच्या (विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या) तालमींना विभागांच्या वर जागा द्या असं सांस्कृतिकवाल्यांनी सांगितलं, ते मान्य केलं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर बुकिंग बंद अशी नोटीस सोमवारी निघतेय. दारांवर नंबर रंगवायचं काम मामांनी आजच सुरू केलं, खोली ७ पर्यंत झालंय.