सेप्टिक टाकीचा दर तीन वर्षांनी उपसा आणि स्वच्छता कर: सक्ती योग्य आहे का?

प्रश्न (गावकरी_घाटमाथा):
नमस्कार. आमच्या नगरपरिषदेने यंदापासून प्रत्येक घराची सेप्टिक टाकी दर तीन वर्षांनी वॉर्डनिहाय उपसण्याचे ठरवले असून त्यासाठी घरपट्टीच्या बिलात स्वतंत्र स्वच्छता कर लावला आहे. आमच्या घरात पाच माणसे आहेत, टाकी वडिलांच्या काळातली आहे आणि ती आजवर कधीही तुंबलेली नाही. तिचे पाणी मागच्या गटारात जाते. जी टाकी भरलेलीच नाही ती उपसून घेण्याचा आग्रह कशासाठी? तुंबल्यावर गाडी बोलावणे पुरेसे का नाही? शिवाय टाकीवर पार्किंगची फरशी बसवलेली आहे, ती उखडावी लागेल.

प्रतिसाद १ (स्थापत्य_सल्लागार):
सेप्टिक टाकी वापरात आल्यावर काही दिवसांतच भरते आणि नंतर कायम भरलेलीच राहते. वरून जितके पाणी येते तितकेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. त्यामुळे ती तुंबली नाही, यावरून ती काम करते आहे असे मुळीच म्हणता येत नाही. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर जाते. तळाचा गाळ वाढत गेला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि न कुजलेला मैला तसाच बाहेर वाहू लागतो. आपल्या बाबतीत तो थेट उघड्या गटारात, म्हणजे पुढे ओढ्यात किंवा नदीत जात असणार.

तपासणी सोपी आहे. लांब काठीच्या टोकाला पांढरे फडके गुंडाळून ती झाकणातून तळापर्यंत सोडावी, थोडा वेळ थांबून सावकाश वर काढावी आणि फडक्यावर काळा डाग कुठवर चढला आहे ते पाहावे. गाळ व साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत पोहोचले असतील, तर उपसा व्हायलाच हवा. हे करताना झाकणावर वाकू नये आणि जवळ काडी पेटवू नये.

टाकीचे पाणी शोषखड्ड्यात जावे, ही आयएस २४७० या भारतीय मानकाची अपेक्षा आहे, आणि शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर हवा. काळ्या मातीत किंवा कातळावर खड्डा पाणी शोषत नाही, म्हणूनच अनेकांनी गटाराची वाट धरली आहे. तिथे वेगळी व्यवस्था लागते.

प्रतिसाद २ (कृष्णाकाठ):
तुंबल्यावरच गाडी बोलावण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली आणि त्या गाड्या रात्री मैला ओढ्यात किंवा कुणाच्या तरी शेतात ओततात, हे आपण सगळेच पाहत आलो आहोत. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या दोन नगरपरिषदांनी तीन वर्षांचे चक्र ठरवून रोज ठरावीक घरांच्या टाक्या उपसायला सुरुवात केली आणि तो गाळ शुद्ध करण्यासाठी रोज सुमारे ७० हजार लिटर क्षमतेची स्वतंत्र केंद्रे उभारली. केंद्राला रोज गाळ मिळाला तरच ते नीट चालते. मागणीवर विसंबले तर कधी गर्दी, कधी शुकशुकाट. कराने खर्च सर्वांवर विभागला जातो, म्हणून कोणालाही एकदम मोठी रक्कम द्यावी लागत नाही.

तरीही मी आपल्या जागी असतो, तर कर भरण्याबरोबर एक प्रश्न नक्की विचारला असता: आमचा गाळ कुठे जातो? मैला-गाळ व्यवस्थापनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय धोरणानुसार उपसा, वाहतूक आणि शुद्धीकरण या तिन्हींची जबाबदारी स्थानिक संस्थेवर येते. केंद्र नसताना नुसता उपसा होत असेल तर कराचे समर्थन करता येणार नाही. ठरावाची प्रत आणि गाड्यांच्या फेऱ्यांची नोंद माहितीच्या अधिकारात मागता येते.

प्रतिसाद ३ (वकील_साताऱ्याकडचे):
एक गोष्ट राहिली. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकी साफ करायला लावणे हा गुन्हा आहे, आणि तो केवळ ठेकेदाराला नव्हे, घरमालकालाही लागू होतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की वास येणेच बंद होते, म्हणून आत उतरलेला माणूस आणि त्याला काढायला गेलेला दुसरा, दोघेही दगावतात. अशा मृत्यूसाठी किमान ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. पाइप पोहोचत नाही म्हणून कोणी आत उतरायला निघाला, तर काम तिथेच थांबवावे.

फरशीबद्दल सांगायचे तर ती एकदाच काढून दोन्ही कप्प्यांवर उचलता येणारी लोखंडी झाकणे बसवून घ्यावीत. गाडीचा पाइप तिथून थेट तळापर्यंत जातो.