मलुंगा / बेरिंबाव : बांबू, तुंबा आणि टायरची तार. आवाज का मरतो?

आर्णीकर (यवतमाळ)

नमस्कार मंडळी. शाळेच्या स्नेहसंमेलनात आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वाद्यांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम आहे. गुजरातच्या सिद्दींचा मलुंगा किंवा ब्राझीलचा बेरिंबाव, यांपैकी एक धनुष्यवाद्य इथल्याच सामानातून करायचं आहे. एक नमुना तयार आहे, पण वाजत नाही.

पोकळ बांबू ५ फूट, जाडी अंगठ्यापेक्षा थोडी जास्त. तार मोटरसायकलच्या जुन्या टायरमधली, टायर जाळून काढलेली. तुंबा मोठा, तोंड जवळजवळ ६ इंच, खालच्या टोकापासून दीड फुटावर सुतळीने बांधलेला.

तार आज ताणली की उद्या सैल. काडी मारली की नुसतं 'टक्', तुंबा काढला तरी तसंच. नाणं टेकवलं तर सूर चढत नाही, झणझण होते. बांबूला वरच्या टोकाशी चीर गेली आहे. शिवाय मुलांना मलुंगा आणि बेरिंबाव एकच म्हणून सांगितलं तर चालेल का?

वेळूवाला (गडचिरोली)

दादा, पहिली गोष्ट तार. टायर जाळला की तारेचं पाणी उतरतं, ती नरम पडते. मग ती ताणली की लांबत जाते, म्हणून रोज सैल. ती फेकून द्या. टायरच्या रिमला बसणाऱ्या काठात या तारेचे वेढे असतात. धारदार सुरीने काठाच्या आतल्या बाजूचं रबर कापत जायचं, टोक सापडलं की पक्कडीने हळूहळू ओढायचं. हातमोजे घाला, तार उसळते आणि डोळ्याला लागू शकते. रबराचा चिकटलेला थर पॉलिश पेपरने पूर्ण काढा. तो राहिला तरी आवाज दबतो. १ मिमीच्या आसपासची, कुठेही मुरड न पडलेली ६ फूट तार हवी. कुंपणाची तार चालत नाही, तीही नरमच. क्लचची केबल पीळ घातलेली असते, ती गुणगुणत नाही.

दांडा पोकळ नको. आपल्याकडचा मानवेल घ्या, बुडखा जवळजवळ भरीव असतो. लांबी ४.५ ते ५ फूट, जाडी २ ते २.५ सेंमी. दिवाळीनंतर थंडीत तोडलेला, सावलीत उभा वाळवलेला. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिठूळ अंश जास्त असतो, भुंगा लागतो. धावड्याची सरळ फांदी मिळाली तर तीही उत्तम, लवचिक आणि चिवट. फक्त साल काढून सावकाश वाळवावी लागते. ब्राझीलमध्ये बिरिबा नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात, तेही याच गुणासाठी.

चीर का गेली? तार थेट बांबूच्या तोंडावर बसली आणि वरचं टोक पेराच्या मधोमध कापलं. वरचा काप गाठीच्या अर्धा इंच वर घ्या, म्हणजे गाठ आत राहते. त्यावर जुन्या चपलेच्या चामड्याची गोल चकती, ३-४ मिमी जाड, दोन बारीक खिळ्यांनी बसवा. खिळ्याआधी बारीक भोक पाडा, नाहीतर खिळाच चीर पाडेल. खालच्या टोकाला २ सेंमी लांबीची खुंटी कोरा आणि भोवती खांदा ठेवा. तारेच्या एका टोकाला फास करून तो खुंटीत घाला, तार खांद्यावर टेकेल. दुसऱ्या टोकालाही लहान फास करा आणि त्यात दोन हात सुती दोरी बांधा.

चढवताना दोन माणसं असू द्या. खालचं टोक जमिनीवर, गुडघा दांड्याच्या मध्याला, एकाने वाकवायचं. दुसऱ्याने तार चामड्यावरून नेऊन दोरी खेचायची आणि दांड्याभोवती घट्ट वेढे देऊन गाठ मारायची. मधे तार आणि दांडा यांत वितीपेक्षा थोडं कमी अंतर राहिलं की ताण बरोबर. वाजवणं संपलं की तार उतरवायचीच. रात्रभर चढवून ठेवलेला दांडा वाकडाच राहतो, मग ताण धरत नाही.

तुंबाभाऊ (अकोला)

दांड्याचं वेळूवाल्या भाऊनं सांगतलंच. तुंब्याचं मी सांगतो.

दीड फूट लय वर झालं. खालच्या टोकापासून एक वीत, म्हणजे ८-९ इंच, तिथं बांधा. सुतळी नको, फुगते आणि घसरते. जाड सुती दोरी घ्या. तुंब्याच्या बुडाला दोन भोकं, एकमेकापासून इंचभर. दोरी आतून घालून बाहेर काढा, त्या दोरीच्या फासात तार आणि दांडा दोन्ही एकत्र आले पाहिजेत. हा फास तारेले दांड्याकडे ओढून धरते, तिथूनच थरथर तुंब्यात जाते. फास ढिला असन तर तुंबा नुसता लटकते, वाजत नाही. तुमचं तेच होऊन राह्यलं.

आता तोंड. ६ इंच लय मोठं. तोंड मोठं केलं की पोकळीचा सूर वर जाते, तारेशी मेळ तुटते. नवीन तुंबा घ्या, वेलावरच वाळलेला, हलवला की आत बिया वाजल्या पायजे. हिरवा तोडून वाळवलेला सुरकुततो आणि सडतो. तोंड अगोदर ३ इंचच कापा. आतला कापूस पाण्यात भिजवून चमच्यानं खरवडा, वाळला की पॉलिश पेपर. आतून धूळ जाईस्तोवर घासा, तोंडाले रुमाल बांधूनच घासा, ती धूळ घशाले त्रास देते. मग तार वाजवून पाहा, आवाज भरीव नाही वाटला तर तोंड अर्धा-अर्धा सेंमी वाढवा. वाढवलेलं कमी होत नाही, म्हणून घाई नको.

काडीसोबत हातात एक खुळखुळाही असते. ब्राझीलवाले त्याले काशिशी म्हणतात: वेताची लहान टोपली, बूड तुंब्याच्या तुकड्याचं, आत बिया. आपल्याकडं बांबूच्या बारीक कामट्यांची विणता येते. बिया कर्दळीच्या घाला, काळ्या, गोल, कडक. झिम्बाब्वेच्या होशो नावाच्या खुळखुळ्यातही कर्दळीच्याच बिया असतात. गुंजा अजिबात नको, त्या विषारी आहेत आणि पोरं टोपली फोडून पाहतातच. तुरीचे दाणेही नको, त्याले सोंडे लागतात.

उन्हात गाडीवर ठेवू नका. मे महिन्यात तडकलेला तुंबा फेविकॉल आणि भुशानं जोडता येते, पण आवाज पह्यल्यासारखा राहत नाही.

रेवाकाठ (नागपूर)

नावाचा प्रश्न राहिला. एकच म्हणू नका, एकाच घराण्यातली म्हणा.

गुजरातच्या सिद्दींचे पूर्वज बहुतांशी पूर्व आफ्रिकेतून हिंदी महासागराच्या व्यापारात इकडे आले: कोणी गुलाम म्हणून, कोणी सैनिक, कोणी खलाशी. ब्राझीलमध्ये धनुष्यवाद्य गेलं ते मुख्यतः अंगोला-काँगो भागातून नेलेल्या माणसांबरोबर. अंगोलातलं हुंगू बेरिंबावच्या अगदी जवळचं आहे. म्हणजे मलुंग्यापासून बेरिंबाव झाला असं नाही आणि उलटही नाही.

मलुंगा सिद्दी फकीर जिकर (ईश्वराच्या नामस्मरणाची गाणी) गाताना वाजवत. भरूच जिल्ह्यात रतनपूरला सिद्दींचे पूज्य संत बावा गोर यांची दर्गा आहे. तिथे मुगरमान हा पाय असलेला उभा ढोल, मुसिंदो ढोल आणि नारळाच्या करवंटीचा माई मिसरा हा खुळखुळा वाजतो. माई मिसरा ही त्यांच्या श्रद्धेतली पूज्य स्त्री, बावा गोरची बहीण. त्यामुळे तो खुळखुळा मंचावर गंमत म्हणून नाचवू नका. आणि कळकळीने सांगतो, मुलांच्या तोंडाला काळं फासून, कमरेला पालापाचोळा बांधून सिद्दींच्या 'धमाल' नाचाची नक्कल करू नका. सिद्दी आजही आपल्या शेजारच्या राज्यांत राहतात, उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरच्या बाजूलाही. मलिक अंबर आणि जंजिरा आपल्याच इतिहासातले आहेत. सुरुवात तिथून करा, मुलांना ओळखीचं वाटेल.

बेरिंबाव सांगायचा तर कापोएरा, म्हणजे ब्राझीलमधल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा झुंज आणि नाच मिळून झालेला खेळ, सांगावाच लागेल. ब्राझीलमध्ये गुलामी १८८८ साली संपली, आणि १८९० च्या दंडसंहितेने कापोएरा गुन्हा ठरवला. त्याच खेळाच्या रिंगणाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. रिंगणात तीन बेरिंबाव असतात: गुंगा सर्वांत खर्ज, मग मेदियो, मग व्हिओला. खेळ सुरू कधी, थांबवायचा कधी, वेग किती, हे गुंगा ठरवतो. सोबत पांदेइरो असतो, त्याच्या जागी आपली खंजिरी बिनधास्त वापरा, फक्त मुलांना तसं सांगा.

वेळ कमी असेल तर तिसरा पर्यायही आहे. अमेरिकेत मिसिसिपीच्या कपाशीच्या भागात काळ्या कुटुंबांतली मुलं घराच्या भिंतीवर झाडूची तार ताणून वाजवत. त्या वाद्याला डिडली बो म्हणतात आणि ब्लूजचे अनेक वादक त्यावरच हात बसवून गिटारकडे गेले. जाड फळीवर अडीच फुटांवर दोन खिळे, तार, एका टोकाला तारेखाली काचेची बाटली सरकवून ताण द्यायचा. दुसरी लहान बाटली तारेवर घासत नेली की सूर सरकतो. पाचवीच्या मुलांनाही जमतं.

आर्णीकर (यवतमाळ)

आभार मंडळी. मानवेल आणि नवा तुंबा मिळतो आहे. नाण्याची झणझण मात्र तार बदलून जाईल का? आणि ठेका कोणता शिकवू?

वेळूवाला (गडचिरोली)

झणझण हाही त्यातला एक आवाजच आहे, म्हणून ती घालवायची नाही, हातात आणायची. डावी करंगळी तुंब्याच्या दोरीखाली, सगळा भार तिच्यावर. मधली दोन बोटं दांड्याला धरून. अंगठा आणि तर्जनीत नाणं किंवा नदीतला चपटा गोटा, तुंब्याच्या फासाच्या २-३ सेंमी वर. उजव्या हातात फूटभर बारीक काडी. नाणं दूर ठेवलं तर 'डोंग'. घट्ट दाबलं तर साधारण एक स्वर वर 'डिंग'. नुसतं टेकवलं तर 'छ'. तुमचं नाणं अर्धवट दाबलं जातं, म्हणून डिंगच्या जागी छ येतो. करंगळी दुखते म्हणून मुलं नाणं ढिलं सोडतात. सुरुवातीला पाच मिनिटं वाजवून विश्रांती द्या, दोरीला चिंधी गुंडाळा.

तुंब्याचं तोंड पोटाकडे. पोटाला लावलं की आवाज बंद, दूर केलं की मोकळा. शर्टाच्या बटणाला तुंबा घासतो, ती वेगळीच खरखर. सदरा साधा घाला.

'अंगोला' नावाचा ठेका शिकवा: छ छ डोंग डिंग, मग एक मात्रा रिकामी. डोंग-डिंगची अदलाबदल केली की साओ बेंतो पेकेनो हा दुसरा ठेका. छ छ डिंग डोंग डोंग केलं की साओ बेंतो ग्रांदी. रिकामी मात्रा मुलं खाऊन टाकतात आणि ठेका धावत सुटतो. तिथे पायाने जमिनीवर ठोका द्यायला लावा, तुंब्याला हात लावण्याआधी दोन दिवस हे नुसतं तोंडाने आणि टाळीने बसवा.